रॉस ओ'कॅरल-केली कादंबरीमाला

आयरिश लेखक-पत्रकार पॉल हॉवर्ड (१९७१– ) यांची इंग्रजी विनोदी, उपहासात्मक कादंबरीमाला. पुस्तकांवर लेखक म्हणून नायकाचेच नाव असते. दक्षिण डब्लिनच्या सधन उपनगरांतला, शालेय रग्बीतल्या जुन्या पराक्रमावर जगणारा रॉस हा निवेदक. आपण किती देखणे, किती चलाख हे तो सांगत सुटतो आणि नेमके उलटे वाचकाला त्याच्याच तोंडून कळत जाते.

मालेचे मूळ 'संडे ट्रिब्यून' या साप्ताहिकातील १९९८ च्या सदरात आहे. हॉवर्ड तेथे क्रीडापत्रकार होते. महागड्या खाजगी शाळांच्या रग्बीभोवतीचा डामडौल हे पहिले लक्ष्य. २००७ मध्ये सदर 'आयरिश टाइम्स'कडे गेले. पहिल्या पुस्तकाचे साल सूचींमध्ये एकसारखे नाही. मूळ आवृत्ती २००० च्या सुमाराची, तर नाव बदललेली ओब्रायन प्रेसची आवृत्ती २००४ ची. क्रम लावताना मूळ आवृत्ती धरणे बरे. नाहीतर २००३ चे पुस्तक, कथेत नंतरचे असूनही, पहिल्या पुस्तकाच्या आधी लागते.

भाषा : उच्चारानुसारी लेखन हे मालेचे खरे वैशिष्ट्य. रॉसच्या तोंडी 'राइट'चे 'रॉयश', 'गाइज'चे 'गॉइज', 'आर्म'चे 'ऑर्म' होते. येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. 'आ' मागे सरकून ओठ गोल होणे ही त्या उपनगरांची खूण. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'डार्ट' या किनारी रेल्वेचे 'डॉर्ट' झाले ते यामुळेच. 'रॉयश'मधला 'श' मात्र तिथला खास नव्हे. शब्दान्ती 'ट' म्हणताना जीभ हिरडीला पुरती टेकत नाही आणि फटीतून हवा निसटते, ही सवय आयर्लंडभर आढळते. म्हणजे लेखनात निम्मी अतिशयोक्ती आहे. दक्षिण इंग्लंडच्या वळणाने वाचणारा आणखी एका ठिकाणी फसतो : तो 'ऑर्म'मधला 'र' गिळतो. आयरिश इंग्रजीत तो स्पष्ट उच्चारला जातो. तो गेला की रॉस डब्लिनचा न राहता लंडनचा वाटू लागतो.

या उच्चाराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ही इंग्लंडच्या उच्चभ्रूंची नक्कल, असा लोकप्रिय समज. भाषावैज्ञानिक रेमंड हिकी यांच्या मते मात्र शहरातील कामगारवर्गीय बोलीपासून अंतर राखण्याच्या धडपडीतून तो घडला. बदललेले स्वर त्या बोलीच्या बरोबर विरुद्ध दिशेने सरकलेले दिसतात. त्यामुळे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. 'डॉर्ट'सारखे ठळक उच्चार चेष्टेचा विषय झाल्यावर मागे पडले. रॉसच्या लेखनात ते टिकून राहिले, एवढेच.

रॉसचा मुलगा रोनन उत्तर डब्लिनच्या कामगारवस्तीत वाढलेला. त्याच्या बोलीसाठी वेगळी वर्णरचना आहे. बापलेकांचे संवाद मोठ्याने वाचावेत, डोळ्यांनी अर्धेच कळतात.

पुस्तकांची नावे गाजलेल्या पुस्तक-चित्रपटांच्या नावांवरील कोट्या असतात. 'नामा मिया!' (२०११) हे 'मामा मिया!'वरून; त्यातील 'नामा' म्हणजे बँकांची बुडीत मालमत्ता-कर्जे ताब्यात घेण्यासाठी २००९ मध्ये स्थापलेली सरकारी संस्था. तेजीच्या काळात सुरू झालेली माला २००८ नंतरच्या मंदीत अधिक बोचरी झाली, कारण रॉसची माणसे पैशाशिवाय कशी जगतात हे तोवर कोणी विचारलेच नव्हते. नाट्यरूपेही झाली, पहिले २००७ मधले. शेवटची म्हणून जाहीर झालेली कादंबरी 'डोंट लुक बॅक इन ओंगार' (२०२४).