78 रेखांश आणि नळयोजनेची ड्रॉइंग

रेल्वेने चांदूर रेल्वेहून धामणगावकडे निघालं की वाटेत आपण 78 अंश पूर्व रेखांश ओलांडतो. बाहेर कपाशी-तुरीची तीच शेतं, डब्यात कुणाला पत्ताही नसतो. प्रादेशिक नळयोजनेचं संगणकी मॉडेल बनवणाऱ्याला मात्र हीच रेघ छळते. यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे 6-6 अंशांचे पट्टे पाडले आहेत. 43 क्रमांकाचा पट्टा इथे संपतो आणि 44 सुरू होतो. रेघेवरच्या एकाच बिंदूचा पूर्वेचा आकडा (पूर्व-पश्चिम जागा सांगणारा) एका पट्ट्यात सुमारे 8 लाख 12 हजार मीटर येतो, दुसऱ्यात 1 लाख 88 हजार. पट्टा न लिहिता आलेली एक फाइल मी भाबडेपणाने तशीच उघडली होती. धामणगावकडच्या टाक्या आणि नळ सौराष्ट्राच्या दक्षिणेला, अरबी समुद्रात!

याच रेखांशाच्या आसपास देशाच्या मोजणीचा कणा उभा आहे. विल्यम लॅम्बटन या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याने 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे आणायला घेतली. नागपूरच्या वाटेवर असताना 20 जानेवारी 1823 ला तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने 1830 मध्ये पृथ्वीच्या आकाराचं जे गणित मांडलं, त्यावर आपले टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचे नकाशे, पिढ्यान्‌पिढ्या निघाले. जीपीएसचं गणित वेगळं, डब्ल्यूजीएस-84. एकाच जागेचे दोन्हींतले अक्षांश-रेखांश आपल्याकडे शंभर मीटरहून जास्त फरकाने पडतात. 2005 च्या नकाशा धोरणाने नागरी वापराचे नकाशे डब्ल्यूजीएस-84 वर आणले. पण जुन्या शीटवरून ट्रेस केलेल्या फाइली अजून फिरतात, आणि त्यांच्यात नाला शंभर पावलं सरकलेला दिसला की समजायचं, एव्हरेस्टसाहेब आले.

महसुली नकाशाचं घराणं निराळं. 33 फुटांची साखळी, 33 फूट लांब-रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. तो शेतसारा ठरवण्यासाठी काढलेला, म्हणून त्यात बांध आहे, विहीर आहे, पांदण आहे; अक्षांश-रेखांश नाहीत. पृथ्वीवर नेमका कुठे ठेवायचा हे तो कागद सांगतच नाही.

संगणकावर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड 1982 साली आलं आणि पुढे ट्रेसिंग पेपरची जागा त्याने घेतली. सवयी कागदाच्याच राहिल्या. टेंडरला जोडायची ड्रॉइंग छापून नीट दिसली की काम झालं. पाइप म्हणजे निळी रेघ, आणि तिच्या शेजारी मोकळा मजकूर: ‘90 मिमी पीव्हीसी’. तो मजकूर त्याच रेघेचा, हे माणसाला डोळ्यांनी कळतं, फाइलला कळत नाही. गावांची नावं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असली तर उघडल्यावर नुसता अक्षरांचा चिवडा.

कोण कुणाला जोडलेलं आहे हे लिहून ठेवायची कल्पना मात्र ऑटोकॅडहून जुनी. अमेरिकेच्या जनगणना खात्याने 1960 च्या दशकात रस्त्याचा प्रत्येक तुकडा कुठल्या बिंदूपासून कुठल्या बिंदूपर्यंत आणि त्याच्या डाव्या-उजव्या हाताला काय, अशी नोंद केली होती. पुढे 1990 च्या दशकात आलेल्या शेपफाइलने, म्हणजे संगणकी नकाशा साठवायच्या फाइल-प्रकाराने, ती जोडणी वगळली, फाइल सुटसुटीत झाली आणि जगभर पसरली. आपली अर्धी डोकेदुखी त्या सुटसुटीतपणाची आहे, असं माझं मत. त्याच दशकात, 1993 मध्ये, पाण्याच्या जाळ्याचं गणित करणारं इपानेट आलं. त्याला चित्र नको असतं. सांधे हवेत, सांध्यांची उंची हवी, दोन सांध्यांमधला पाइप, त्याचा व्यास, लांबी, आतला खरखरीतपणा हवा.

नागपुरात 1988 पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, त्यामुळे उपग्रहाचे नकाशे इकडे नवे नाहीत. गावच्या नळापर्यंत अशा गणिताची गरज पोचली ती मात्र 2019 च्या जलजीवन मिशनने. घरोघरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर म्हटल्यावर टोकाच्या घरी दाब किती, हे रेघ बघून सांगता येत नाही.

मग ड्रॉइंगचं मॉडेलमध्ये रूपांतर सुरू होतं. पडद्यावर ‘टी’ला (पाइपला फाटा फुटतो त्या जोडाला) टेकलेली रेघ मोठी करून पाहावी तर मधे 3 सेंटिमीटरची फट. गणितात पुढची वस्ती कोरडी. फटी जोडायला प्रोग्राम आहे, पण अंतर किती सोडायचं ते आपण ठरवायचं. जास्त सोडलं तर शेजारून जाणारे दोन वेगळे पाइप एक होतात. एकमेकींना छेदणाऱ्या रेघा खरंच जोडलेल्या आहेत की एक पाइप दुसऱ्याखालून गेलाय, हे कुठलाही प्रोग्राम सांगत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ही गोष्ट व्हॉल्व खोलणाऱ्या काकांना विचारावं लागलं. मी लॅपटॉप पुढे केला. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. “भाऊ, पाइप अथून नाई गेला. खडक लागला होता, बाभयीकडून फिरवला. अन्‌ शेवटचा तुकडा 63 चा हाय, 90 चा माल संपला होता.”

व्यास 63 करून मॉडेल पुन्हा चालवलं, तर टोकाच्या वस्तीवरचा दाब शून्याखाली गेला. तिथल्या बायांची तक्रार तीच होती. व्यासाच्या रकान्यात मी 63 ठेवलं आणि शेऱ्यात लिहिलं: ‘ड्रॉइंगप्रमाणे 90, व्हॉल्ववाल्या काकांच्या सांगण्यावरून बदल.’