पिन कमी पडली का करंट कमी पडला? रास्पबेरी पायला चार वस्तू जोडताना

रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर बोर्ड) काही बनवायला घेतलं की तिसऱ्या-चौथ्या वस्तूला हा प्रश्न हमखास येतो, ५ व्होल्टच्या पिना दोनच आहेत, एक पंख्याला गेली एक स्क्रीनला, आता रिले बोर्ड (रिले म्हणजे सिग्नलवर चालू-बंद होणारा स्विच) कुठे लावू? उत्तरं पण दोन टोकांची मिळतात. एकजण म्हणतो वायरला वायर जोडून टाक काही होत नाही, दुसरा म्हणतो अजिबात नको, बोर्ड जाईल. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात कारण पिन कमी पडणं हा एक प्रॉब्लेम आहे आणि करंट कमी पडणं हा पूर्ण वेगळा. पहिला वायरने सुटतो, दुसरा कितीही वायरी जोडल्या तरी सुटत नाही.

रास्पबेरी पायचं ४ नंबरचं मॉडेल, म्हणजे पाय ४, धरून बोलू. त्याच्या हेडरवर, म्हणजे ४० पिनांच्या पट्टीवर, २ आणि ४ नंबरच्या पिना ५ व्होल्टच्या, १ आणि १७ या ३.३ व्होल्टच्या, ग्राउंडच्या (मायनसची बाजू, जिथून करंट परत जातो) आठ. आता २ आणि ४ हे दोन वेगळे सप्लाय नाहीयेत, आतून एकच लाइन आहे, अडॅप्टरमधून यूएसबी-सीला जे ५ व्होल्ट येतात तेच तिथे बाहेर निघतात. एक्स्टेन्शन बोर्ड लावला की सॉकेट वाढतात पण मागचा एमसीबी तेवढाच राहतो ना, तसंच.

त्यामुळे नुसत्या पिना कमी पडत असतील तर एकाच पिनेवरून बिनधास्त फाटे काढा. झिरो पीसीबीचा (सोल्डर करायला भोकं असलेला कोरा बोर्ड) छोटा तुकडा घ्यायचा, त्यावर बर्ग स्ट्रिपच्या (पिनांची तयार पट्टी) दोन रांगा लावायच्या, एक रांग मागून सलग सोल्डर करून ५ व्होल्टला, दुसरी ग्राउंडला, आणि पायला जोडायच्या आधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप देणारं सेटिंग) ठेवून दोन्ही रांगांमधे टोकं लावून बघायची, बीप आला नाही पाहिजे. बीप आला तर सोल्डर कुठेतरी पसरलंय, ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतं. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायचा बोर्ड) ट्रायलपुरता ठीक, कायमचा नको, त्याची पकड सैल होते.

पण फाटे काढायच्या आधी बेरीज करायचीच. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे. बोर्ड स्वतः जोरात काम करत असताना साधारण १.२ अँपिअर धरा, छोटा पंखा ०.१५, छोटी स्क्रीन ०.२, चार रिलेचा बोर्ड सगळे रिले ऑन असताना ०.३ च्या आसपास (एका कॉइलला साधारण ७० मिलिअँपिअर लागतात). झाले १.८५, आरामात बसतंय, म्हणजे इथे फक्त पिनच कमी पडलीये. आता यालाच पोर्टेबल हार्ड डिस्क लावली, जी फिरायला सुरू होताना अँपिअरभर खेचू शकते, की आपण २.८५ वर आलो, आणि त्यात ६० एलईडींची रंगीत पट्टी टाकली, एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअर, तर नुसती पट्टीच ३.६ अँपिअर मागते. इथे फाटे काढून काहीही होणार नाही, करंटच नाहीये.

आणि करंट कमी पडला की बोर्ड लगेच बंद पडतो असं नाही, म्हणूनच लोकांना ते कळत नाही. व्होल्टेज ४.६३ च्या आसपास खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं, स्पीड कमी होतो, डिस्क मधेच गायब होते, कधी मेमरी कार्ड करप्ट होतं, आणि माणूस सॉफ्टवेअरमधे चूक शोधत बसतो. टर्मिनलला vcgencmd get_throttled ही कमांड चालवून बघा, सगळं शून्य (0x0) आलं तर पॉवर ठीक आहे.

अडॅप्टर ३ अँपिअरचा असून हे होत असेल तर आधी केबलवर संशय घ्या. केबलचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.२ ओहम असला आणि २.५ अँपिअर खेचले तर ०.५ व्होल्ट केबलमधेच गेले, ५.१ चे ४.६ उरले, की लागली वॉर्निंग. फाट्यांच्या बाबतीतपण हेच, केसासारख्या पातळ जंपर वायरवरून तीन वस्तू एकामागे एक लटकवू नका, मुख्य वायर जाड आणि आखूड ठेवा.

यूएसबीत पण हाच गोंधळ होतो. पाय ४ च्या चारही पोर्टना मिळून १.२ अँपिअर आहे. साधा हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा) लावला तर पोर्ट वाढले, करंट तेवढाच. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावला तरच करंट वाढतो. पाय ५ वाल्यांनी तर हे आधीच बघावं, ३ अँपिअरच्या अडॅप्टरवर तो सगळ्या पोर्टना मिळून ०.६ च अँपिअर देतो, ५ अँपिअरवाला लावला की १.६.

एक गोष्ट मात्र पिन कमी पडली म्हणून कधीच करू नका, पंखा किंवा मोटर थेट जीपीआयओ पिनेवर (हेडरवरच्या, प्रोग्रामने चालू-बंद होणाऱ्या पिना) लावणं. ती सिग्नलची पिन आहे, ३.३ व्होल्टची, तिच्याकडून १६ मिलिअँपिअरच्या वर मागायचंच नाही. मोटरला ५ व्होल्ट वेगळे द्या आणि जीपीआयओने मधला ट्रान्झिस्टर चालू-बंद करा, मोटरला उलटा डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) लावून.

एलईडी पट्टी किंवा सर्वो मोटरसाठी ५ व्होल्टचा वेगळा एसएमपीएसच (घरच्या विजेवरून ५ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) घ्या. त्याचा ग्राउंड पायच्या ग्राउंडला जोडायचा, नाहीतर सिग्नल नीट पोचत नाही आणि पट्टी वाट्टेल तशी लुकलुकते, पण त्याचे ५ व्होल्ट पायच्या ५ व्होल्टला जोडायचे नाहीत, दोन सप्लाय एकमेकांत करंट ढकलायला लागतात. एसएमपीएस आला की पट्टीची लाल वायर हेडरवरून काढून टाका, पायकडून तिला फक्त डेटा आणि ग्राउंड एवढ्या दोनच वायरी जाऊ द्या.