कधीच न अडणारे प्रवाह

ऐरोलीच्या पुलावरून भरतीच्या वेळी ठाण्याची खाडी पाहा. मधल्या पात्रात पाण्याला ओढ असते, कांदळवनाच्या कडेला ते संथ होतं. प्रत्येक बिंदूपाशी वेग किती आणि दिशा कोणती, एवढं नोंदवलं की सदिश क्षेत्र तयार होतं. कुठेही एक कण सोडला की त्याची वाट ठरते.

ती वाट कायम चालू राहते का? कागदावर तरी तशी खात्री नाही. क्ष चा वेग क्ष च्या वर्गाइतका घ्या आणि १ पासून निघा. ट इतक्या वेळाने कण १/(१−ट) वर असतो, म्हणजे ट = १ होताच तो अनंतात गेलेला असतो. ज्या क्षेत्रात कुठूनही निघालं, काळात पुढे गेलं किंवा मागे, तरी वाट कधीच तुटत नाही, ते ‘पूर्ण’. चल एकच असेल, तर बहुपदींपैकी फक्त अ·क्ष + ब या रूपाची क्षेत्रं पूर्ण असतात.

दोन चल आले, आणि चलांसोबत काळही संमिश्र संख्यांचा, म्हणजे वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या संख्यांचा, घेतला, की गोष्ट फार सुंदर होते. क्ष चा वेग य आणि य चा वेग −क्ष³ घेऊ. वास्तव काळात इथे ऊर्जा टिकते, कण बंद वाटेवर फिरत राहतो, सगळं सुरळीत. काळ संमिश्र केला की तेच उत्तर ठिकठिकाणी अनंताला जातं. कारण भूमितीत आहे. पूर्ण क्षेत्रातली वाट म्हणजे एक तर स्थिर बिंदू, नाहीतर काळाचं अख्खं संमिश्र प्रतल गुंडाळून झालेला पृष्ठभाग. गुंडाळलंच नाही तर प्रतल, एका दिशेने गुंडाळलं तर नळी, दोन्ही दिशांनी गुंडाळलं तर कडं. कडं सगळीकडून बंद असल्यामुळे दोन संमिश्र चलांच्या अवकाशात मावूच शकत नाही. उरतात प्रतल आणि नळी. वरच्या उदाहरणातल्या वाटा मात्र दोन भोकं पडलेल्या कड्यासारख्या आहेत.

गणितज्ञ मार्को ब्रुनेल्ला यांनी २००४ साली दाखवलं, की पूर्ण बहुपदी क्षेत्रासाठी एक बहुपदी नेहमीच सापडते: तिचे बहुतेक समपातळी वक्र (ज्यांवर तिची किंमत एकच राहते) प्रतल किंवा नळी असतात, आणि प्रवाह एका वक्राला दुसऱ्यावर नेऊन ठेवतो. एवढ्याशा अटीतून इतकी शिस्त निघावी, याचं मला अजून नवल वाटतं.

प्रतलाच्या बाबतीत आपले श्रीराम अभ्यंकर मदतीला येतात. अभ्यंकर आणि मोह यांनी १९७५ साली सिद्ध केलं, की असा वक्र बहुपदी रूपांतराने सरळ रेषा करता येतो. (जपानचे सुझुकी वेगळ्या वाटेने १९७४ मध्येच तिथे पोहोचले होते.) मग ती बहुपदी म्हणजे नुसता क्ष. क्ष चा वेग अ·क्ष + ब, आणि य चा वेग प(क्ष)·य + फ(क्ष). प आणि फ कितीही मोठ्या घाताच्या घ्या, य मात्र एकाच घातात येतो.

नळीची यादी अधिक किचकट आहे, पण एक नमुना हातानेच तपासता येतो: क्ष चा वेग क्ष²·य, य चा वेग −क्ष·य². इथे क्ष·य हा गुणाकार बदलतच नाही. त्याची किंमत क असेल, तर क्ष चा वेग नुसता क·क्ष उरतो आणि य चा −क·य. ही दोन्ही समीकरणं घातांकी फलनाने सुटतात, आणि ते फलन प्रत्येक संमिश्र काळाला ठरलेली किंमत देतं.