डोंगरवाटांवरचं पहिलं पुस्तक: राज्य वाङ्मय पुरस्कार आणि नवलेखक अनुदानासाठी अर्ज कसा करायचा

ट्रेकचं, हिमालयातल्या मोहिमेचं किंवा सायकलवरच्या लांबच्या प्रवासाचं पहिलं पुस्तक ज्यांचं लिहून होत आलंय, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत साहसकथनाचा स्वतंत्र विभाग नाही. पण नव्या लेखकांसाठी राखलेल्या जागा आहेत, आणि तिथे डोंगरातलं लेखन नीट बसतं. डोंगरात फिरणाऱ्या बऱ्याच मंडळींना हे ठाऊकच नसतं, आणि ठाऊक होतं तेव्हा वेळ गेलेली असते.

दोन योजना आहेत आणि दोन्ही महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडून राबवल्या जातात. हे मंडळ १९६० साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना स्थापन झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. पुस्तक अजून छापलेलं नसेल तर नवलेखक अनुदान योजना, छापून झालं असेल तर स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार. कुठल्या वाटेने जायचं हे छपाईच्या आधी ठरवा, कारण पहिलं पुस्तक एकदाच असतं. ग्रुपमध्ये वाटायला म्हणून शंभर प्रती छापून घेतल्या की ते पुस्तक प्रकाशित झालं, आणि अनुदानाचा रस्ता बंद झाला.

आधी अनुदानाचं बघू. ज्यांचं एकही पुस्तक प्रकाशित झालेलं नाही, त्यांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी हे अनुदान मिळतं. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय, वैचारिक लेखन असे प्रकार त्यात आहेत, आणि ललितलेख, चरित्र, आत्मकथन यांच्याबरोबर प्रवासवर्णनही आहे. मोहिमेचं कथन इथे येतं. प्रत्येक प्रकाराला पानांची मर्यादा ठरलेली असते, ती माहितीपत्रकात पाहून हस्तलिखित त्यात बसवा. अर्ज विहित नमुन्यातच करायचा. माहितीपत्रक आणि अर्जाचा नमुना मंडळाच्या कार्यालयात आणि संकेतस्थळावर मिळतो. आजवर अर्ज साधारण जानेवारी महिन्यात मागवले गेले आहेत, पण त्या वर्षीची जाहिरात पाहिल्याशिवाय कुठलीही तारीख धरून बसू नका.

इथे मंडळ तुमचं हस्तलिखित तपासतं, म्हणून दोन शब्द लेखनाबद्दलही सांगतो. ट्रेकची वही आणि पुस्तक यांत फरक आहे. 'पहाटे तीनला निघालो, सहाला माचीवर पोचलो, चहा घेतला, साडेसातला निघालो' अशी पानंच्या पानं वाचणाऱ्याला कुठेच नेत नाहीत. हस्तलिखित ज्यांच्या हाती पडेल त्यांनी हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेली नसेल, तिथल्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली पाहिलेलं नसेल. घसाऱ्यावर पाय टाकला की वरची खडी कशी सरकते, मागून 'दगड!' अशी आरोळी आली की माणूस डोकं खाली घालून कड्याला कसा चिकटतो, दोर लावलेला असूनही कातळटप्प्यावर पोटऱ्या कशा थरथरतात, हे त्यांना वाचताना कळलं पाहिजे. तांत्रिक शब्द वापरायला काहीच हरकत नाही. बिले (चढणाऱ्याला दोराने सांभाळणं), कॅराबिनर (दोर अडकवायची झडपेची कडी), ट्रॅव्हर्स (कड्यावरून आडवं जाणं) हे शब्द आपण बोलतोच, पहिल्यांदा आले की एका वाक्यात उलगडून सांगा म्हणजे झालं. आणि ज्याने वाट दाखवली त्या गावातल्या वाटाड्याचं नाव, त्याची परवानगी घेऊन, पुस्तकात जरूर घाला. आपल्याकडच्या ट्रेकलेखनात हा माणूस फार वेळा 'एक स्थानिक गावकरी' एवढाच उरतो, आणि मला ते मनापासून खटकतं. उंची, अंतर, किल्ल्याचा इतिहास तपासून लिहा. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. हा आकडा चुकला तर पुढच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार?

आता पुरस्कार. यात 'प्रथम प्रकाशन' नावाचा विभाग आहे आणि तो फक्त पहिल्या पुस्तकांसाठी आहे. प्रत्येक साहित्यप्रकाराचा पुरस्कार एकेका साहित्यिकाच्या स्मृतीला जोडलेला आहे: काव्याला बहिणाबाई चौधरी, कथेला ग. ल. ठोकळ, कादंबरीला श्री. ना. पेंडसे, ललितगद्याला ताराबाई शिंदे. अनुभवकथन असेल तर ते ललितगद्यात जाईल. डोंगरात घडणारी कादंबरी असेल तर पेंडशांच्या नावाच्या पुरस्कारासाठी. ताराबाईंनी १८८२ साली एकच पुस्तक काढलं आणि तेवढ्यावर त्या मराठीत कायमच्या राहिल्या. पहिल्या पुस्तकाच्या पुरस्काराला त्यांचं नाव असावं याचा मला आनंद वाटतो. प्रथम प्रकाशनाचा पुरस्कार ५० हजार रुपयांचा आहे, तर प्रौढ वाङ्मयाच्या, म्हणजे मोठ्यांसाठीच्या पुस्तकांच्या, मुख्य विभागातले पुरस्कार १ लाखाचे.

पात्रतेत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्ष. ज्या वर्षाचा पुरस्कार, त्या वर्षी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात पुस्तकाची पहिली आवृत्ती प्रकाशित झालेली हवी. पुनर्मुद्रण किंवा दुसरी आवृत्ती चालत नाही. म्हणून पुस्तकातलं ते छोट्या अक्षरांचं पान, जिथे प्रकाशक, मुद्रक आणि 'प्रथम आवृत्ती' छापलेलं असतं, छपाईला जाण्याआधी स्वतः वाचा. पुस्तक डिसेंबरच्या शेवटी छापून आलं आणि पानावर पुढच्या जानेवारीचा महिना पडला, तर ते पुढच्या वर्षाचं ठरतं. उलट महिना डिसेंबरचा आणि प्रती मात्र फेब्रुवारीत हातात, असं झालं तर प्रवेशिकांची मुदत उलटलेली असते आणि दोन्ही वर्षं जातात.

पुस्तक मुळात मराठीत लिहिलेलं हवं. इंग्रजी किंवा हिंदी मोहीमकथेचा अनुवाद केला असेल तर त्यासाठी तर्कतीर्थांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे. क्लबातल्या दहा जणांनी मिळून लिहिलेला आणि एकाने संपादित केलेला संग्रहही प्रथम प्रकाशनात बसत नाही. त्याची जागा संपादित पुस्तकांत, रा. ना. चव्हाण यांच्या नावाच्या पुरस्कारासाठी. मुलांसाठी साहसकादंबरी लिहिली असेल तर बालवाङ्मयात साने गुरुजींच्या नावाचा पुरस्कार आहे, मात्र तिथे जुन्या-जाणत्या लेखकांशीही स्पर्धा असते. गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदा अशा ठिकाणी राहून मराठीत लिहिणाऱ्यांनी सरफोजीराजे भोसले बृहन्महाराष्ट्र पुरस्काराचे नियमही वाचावेत.

कागदपत्रं फार नाहीत. विहित नमुन्यातली, पूर्ण भरलेली आणि सही केलेली प्रवेशिका, आणि त्या वर्षीच्या नियमावलीत सांगितल्या असतील तेवढ्या पुस्तकाच्या प्रती. आजवर दोन मागितल्या जात. प्रवेशिका लेखक किंवा प्रकाशक, कोणीही पाठवू शकतो. त्यामुळेच 'प्रकाशक पाठवतील' आणि 'लेखक पाठवेल' या भरवशावर कोणीच पाठवत नाही असं होऊ शकतं. प्रकाशकाला विचारून घ्या, आणि त्यांनी हो म्हटलं तरी पाठवल्याची पावती मागा. प्रवेशिकेवरचा साहित्यप्रकार आणि विभाग स्वतः लिहा. 'प्रथम प्रकाशन' लिहायचं राहिलं तर तुमचं पहिलं पुस्तक थेट प्रौढ विभागात, मुरलेल्या लेखकांच्या रांगेत जाण्याचा धोका आहे.

प्रवेशिका आजवर पुढच्या वर्षीच्या १ ते ३१ जानेवारी या काळात स्वीकारल्या जात. मुंबई शहर आणि उपनगरातल्यांनी मंडळाच्या कार्यालयात द्यायच्या, बाकी जिल्ह्यांतल्यांनी आपापल्या जिल्हाधिकारी कार्यालयात. मंडळाचं कार्यालय प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत, तरी जाहिरातीत छापलेला पत्ता एकदा पडताळून घ्या. पाकिटावर पुरस्काराचं पूर्ण नाव, वर्ष आणि 'प्रवेशिका' असं ठळक लिहायचं असतं. मुदतीनंतर आलेलं पुस्तक घेतलं जात नाही, म्हणून टपालाने पाठवणाऱ्यांनी शेवटचा आठवडा गाठू नये. जिल्हाधिकारी कार्यालयात हाताने दिलं तर प्रवेशिकेच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या, आणि ती पोच निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.

निकाल शासन जाहीर करतं. पुरस्कार वितरण आजवर अनेकदा २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी झालं आहे.