आयव्हीएफच्या आधी नवऱ्याला इंजेक्शनं कशाला? आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी माहिती

चिठ्ठी पुढे सरकवताना बरेच जण आधी मागे कोणी ओळखीचं उभं नाही ना ते बघतात आणि मग हळूच विचारतात, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करायचंच आहे तर मला एचसीजी, म्हणजे हे हॉर्मोनचं इंजेक्शन, कशाला? म्हणून हे छापलंय, घरी नेऊन दोघांनी वाचा.

मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हॉर्मोन्स सोडते. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन बनतं, एफएसएच शुक्राणू तयार व्हायला मदत करतं. काहींच्यात वृषण ठीक असतं पण वरून हुकूमच येत नाही, रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे कमी दिसतात. त्यांना एचसीजी आठवड्यातून २-३ वेळा देतात, ते एलएचचं काम करतं, आणि लागलं तर पुढे एफएसएच किंवा एचएमजी (यातही एफएसएच असतं) याचं इंजेक्शन जोडतात. यात ६ महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त जातं, पण काउंट (शुक्राणूंची संख्या) शून्य होता त्यांच्यातही बऱ्याचदा शुक्राणू दिसायला लागतात, काहींना मग इक्सीची (लॅबमध्ये एकेक शुक्राणू सुईने बीजांडात सोडतात त्याची) गरजच पडत नाही.

एफएसएच आधीच खूप वाढलेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे हॉर्मोनचा फायदा फारसा होत नाही. आम्ही विकतो म्हणून सगळ्यांना लागू पडतं असं नाही, डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

क्लोमिफेन, लेट्रोझोलच्या पाकिटातला कागद वाचून "ह्या तर बायकांच्या गोळ्या" म्हणत परत येतात लोक. चूक झालेली नाही, पुरुषांनाही देतात.

शुक्राणू बनायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यामुळे १५ दिवसांत टेस्ट करून काउंट वाढला नाही म्हणून औषध बंद करू नका, निदान ३ महिने जाऊ द्या. आणि जिमवाल्याच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका बाबांनो! बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी गप्प बसते आणि काउंट पार शून्यावर जाऊ शकतो. बंद केल्यावर बहुतेकांचा परत येतो, पण महिने जातात.

पेटीवर २ ते ८ डिग्री लिहिलं असेल तर इंजेक्शन फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, गोठलं की फेकायचं. नेताना बर्फाची पिशवी बाटलीला थेट चिकटू देऊ नका, मध्ये कागद गुंडाळा. दुकानाबाहेर गेलेलं फ्रीजचं इंजेक्शन आम्ही परत घेत नाही, म्हणून महिन्याचं एकदम नेण्यापेक्षा आठवड्याचं न्या.