आवृत्ती-तपासणी, स्थापनापूर्व (ई-मेल अ‍ॅड-इन)

ई-मेल प्रोग्रामला जोडायचे अ‍ॅड-इन (जादा सुविधा देणारा छोटा जोड-प्रोग्राम) बसवण्यापूर्वी तो ई-मेल प्रोग्राम आणि अ‍ॅड-इनला लागणारे साहाय्यक घटक संगणकावर कोणत्या आवृत्तीचे आहेत, हे इन्स्टॉलरने शोधून काढण्याची क्रिया. विंडोज इन्स्टॉलरमध्ये हा शोध ‘अ‍ॅपसर्च’ टप्प्यात होतो आणि अट पूर्ण होत नसेल, तर ‘लाँचकंडिशन्स’ टप्प्यात स्थापना थांबते.

मायक्रोसॉफ्ट आउटलुकच्या नावातील वर्ष आणि अंतर्गत क्रमांक वेगळे असतात. आउटलुक २००७ चा क्रमांक १२, २०१० चा १४ आणि २०१३ चा १५ आहे. १३ वापरलाच गेला नाही. २०१६, २०१९ आणि २०२१ या तिन्हींचा मुख्य क्रमांक १६ असल्याने केवळ त्यावर विसंबणारी तपासणी अपुरी पडते.

खरी अडचण ३२-बिट आणि ६४-बिट या प्रोग्रामच्या दोन प्रकारांतील भेदाची आहे. आउटलुक ज्या संचाचा भाग आहे ते ऑफिस २०१० पासून दोन्ही प्रकारांत मिळते, आणि आउटलुकच्याच प्रक्रियेत चालणारे कॉम अ‍ॅड-इन (विंडोजच्या ‘कॉम’ या जोडणी-पद्धतीवर बेतलेले) विंडोजशी नव्हे, तर आउटलुकशी जुळावे लागते. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रामच्या रजिस्ट्रीतील (विंडोजच्या मांडणी-नोंदींच्या कोठारातील) नोंदी वेगळ्या शाखेत ठेवल्या जातात. त्यामुळे एकच शाखा पाहणारा इन्स्टॉलर समोर असलेले आउटलुकही ‘नाही’ म्हणून सांगू शकतो. अ‍ॅड-इनला लागू शकणाऱ्या डॉटनेट ४.८ या मायक्रोसॉफ्टच्या साहाय्यक घटकासाठी रजिस्ट्रीतील ‘रिलीज’ हे मूल्य ५२८०४० किंवा त्याहून अधिक असावे लागते. तेथे नेमकी बरोबरी तपासली, तर पुढच्या आवृत्त्या विनाकारण नाकारल्या जातात, आणि ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही.

समजा, देवगडच्या एखाद्या आंबा पेढीला ऐन हापूसच्या हंगामात ई-मेलवरील मागण्या थेट हिशेबात नोंदवणारे अ‍ॅड-इन बसवायचे आहे आणि संगणक पाहणारा माणूस कणकवलीहून येणार आहे. त्याने निघण्यापूर्वी पेढीवरच्या मुलाला फोनवरून ‘फाइल’, ‘ऑफिस खाते’ आणि मग ‘आउटलुकविषयी’ उघडायला सांगावे. त्या खिडकीच्या पहिल्या ओळीतच आवृत्ती व बिटप्रकार लिहिलेला असतो. डॉटनेट जुने असेल, तर त्याचा ऑफलाइन इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर सोबत नेता येतो. विंडोजसाठीच्या नव्या आउटलुकमध्ये मात्र कॉम अ‍ॅड-इन चालतच नाही. तेथे वेब-आधारित अ‍ॅड-इनच लागते.