जॉर्जोनेच्या नावावर नेमकी किती चित्रं?

व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ‘लॉरा’ नावाचं एक छोटं व्यक्तिचित्र आहे. फरची कड असलेला लाल अंगरखा, एक स्तन उघडा, पाठीमागे लॉरेलची पानं. येणारे-जाणारे चेहरा पाहून पुढे सरकतात. अभ्यासकांना मात्र ओढ असते ती चित्राच्या पाठीची. तिथे जुन्या अक्षरात एक नोंद आहे: १ जून १५०६ रोजी हे चित्र कास्तेलफ्रांकोच्या उस्ताद झोर्झीने काढलं, तो उस्ताद विंचेन्झो कातेनाचा सहकारी, आणि काम मिसेर जाकोमो यांच्या सांगण्यावरून झालं. झोर्झी म्हणजे आपण ज्याला जॉर्जोने म्हणून ओळखतो तो, प्रबोधनकाळातला व्हेनिसचा चित्रकार. त्याच्या आज असलेल्या चित्रांपैकी दिवस, महिना आणि वर्ष अशी पूर्ण तारीख मिळते ती या एकाच चित्रावर.

सॅन दिएगोच्या कलासंग्रहालयात एका पुरुषाचं व्यक्तिचित्र आहे, त्याच्याही पाठीवर झोर्झीचं नाव आणि वर्ष आहे. पण वर्षाचा शेवटचा आकडा नीट लागत नाही. कुणी तो १५०६ वाचतं, कुणी १५०८, कुणी १५१०. चार वर्षांचा फरक एरवी कुणी मनावर घेतला नसता. इथे अख्खी कारकीर्दच जेमतेम दहा-पंधरा वर्षांची, त्यामुळे त्या एका आकड्यावर बाकीच्या चित्रांचा क्रम हलतो.

जॉर्जोनेने चित्रांवर समोरून सह्या केल्या नाहीत, स्वतःच्या कामाची यादी ठेवली नाही, आणि तो तरुणपणीच प्लेगने गेला. सगळ्यांना मान्य असलेली त्याची चित्रं पाच-सहाच भरतात. बाकीची त्याच्या नावावर चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. पाचशे वर्षांचा हा हिशेब समजून घ्यायचा तर सुरुवात त्याच्या मृत्यूपासूनच करावी लागते.

इटलीतल्या मांतुआ संस्थानाच्या शासकाची पत्नी इझाबेला देस्ते चित्रं जमवण्यात पटाईत होती. २५ ऑक्टोबर १५१० रोजी तिने व्हेनिसमधल्या आपल्या माणसाला, ताद्देओ आल्बानोला, पत्र लिहिलं: जॉर्जोने वारल्याचं कळलं, त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंमध्ये रात्रीचा देखावा असलेलं एक सुंदर चित्र आहे म्हणतात, ते मिळव. आल्बानोचं उत्तर नोव्हेंबरमध्ये आलं. जॉर्जोने प्लेगने गेला हे खरं, पण असं चित्र त्याच्या मागे उरलेलं नाही. तशी दोन चित्रं व्हेनिसमध्ये आहेत. एक ताद्देओ कोंतारिनीकडे, ते फारसं पूर्णत्वाला गेलेलं नाही. दुसरं व्हित्तोरियो बेकारोकडे, रचनेत सरस आणि अधिक नीट केलेलं. दोघांनीही ती स्वतःच्या आनंदासाठी करून घेतली आहेत आणि कोणत्याही किमतीला विकायला ते तयार नाहीत.

हे पत्र म्हणजे या विषयातलं सोनं. कारण एकाच विषयाची दोन चित्रं, एक कच्चं आणि एक पक्कं, असा स्पष्ट उल्लेख त्यात आहे. आणि आज येशूच्या जन्मानंतर मेंढपाळांनी घेतलेल्या दर्शनाची, जवळपास एकाच रचनेची दोन चित्रं खरोखर अस्तित्वात आहेत: एक वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत, दुसरं व्हिएन्नात, आणि व्हिएन्नाचं अर्धवट वाटतं. जोडी जुळली असं वाटून अनेकांनी टाळ्या वाजवल्या. अडचण एवढीच की पत्रात ‘रात्र’ म्हटलंय आणि या दोन्ही चित्रांत लख्ख उजेड आहे.

सरकारी कागद थोडे आहेत. १५०७-०८ मध्ये डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यातल्या दहांच्या मंडळाच्या (व्हेनिसच्या एका सत्ताधारी मंडळाच्या) दालनासाठी एका मोठ्या चित्राचे पैसे त्याला मिळाले. ते चित्र आज नाही. त्याच सुमारास त्याने ग्रँड कॅनॉलवरच्या जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीची, फोंदाको देई तेदेस्कीची, दर्शनी भिंत रंगवली. जुनी वखार १५०५ च्या जानेवारीत जळाली होती, ही नवी बांधलेली. मोबदल्यावरून वाद झाला, तेव्हा ज्येष्ठ चित्रकार जोवान्नी बेल्लिनीच्या मध्यस्थीने नेमलेल्या चित्रकारांनी कामाची किंमत १५० डुकाट ठरवली. त्या मंडळींत कार्पाच्चोही होता. जॉर्जोनेच्या हाती १३० पडले. तो भित्तिचित्राचा पसारा समुद्राच्या खाऱ्या हवेने खाऊन टाकला. एका नग्न स्त्रीची लालसर, विरलेली आकृती तेवढी वाचली आहे. म्हणजे ज्या कामाला कागदाचा भक्कम आधार, ते काम नाहीसं झालं. जी चित्रं टिकली, त्यांच्याबद्दल कागद गप्प.

वखारीच्या दुसऱ्या बाजूला तरुण टिशियन, पुढे व्हेनिसचा नामांकित चित्रकार झालेला, रंगवत होता. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा सोळाव्या शतकातला वाझारी सांगतो की लोकांनी टिशियनने केलेला भाग पाहून जॉर्जोनेचं अभिनंदन केलं, इथे तुम्ही स्वतःवरच मात केलीत म्हणाले, आणि जॉर्जोने इतका दुखावला की काही दिवस घराबाहेर पडला नाही. किस्सा रंगवलेला असेल. पण दोघांची कामं वेगळी ओळखणं त्याच्या हयातीतच अवघड झालं होतं, एवढं त्यातून कळतं. खुद्द वाझारीही यातून सुटला नाही. व्हेनिसच्या सान रोक्कोमधलं क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताचं चित्र त्याने १५५० च्या आवृत्तीत जॉर्जोनेचं म्हणून सांगितलं. १५६८ च्या आवृत्तीत जॉर्जोनेच्या चरित्रात ते तसंच राहू दिलं आणि टिशियनच्या चरित्रात टिशियनला देऊन टाकलं. एकाच पुस्तकात एक चित्र दोघांच्या नावावर! तो वाद आजही मिटलेला नाही.

या सगळ्यात सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे मार्कान्तोनियो मिकिएल हा व्हेनिसचा उमराव. लोकांच्या घरी जाऊन त्यांचे संग्रह पाहावेत आणि टिपणं करावीत, हा त्याचा छंद. ही टिपणं पडून राहिली आणि मार्चियाना ग्रंथालयाचे ग्रंथपाल याकोपो मोरेली यांनी १८०० मध्ये प्रसिद्ध केली. लेखकाचं नाव तेव्हा माहीत नव्हतं. १५३० मध्ये गाब्रिएले वेंद्रामिनच्या घरी मिकिएलने ‘वादळ, जिप्सी बाई आणि शिपाई’ असलेलं कॅनव्हासवरचं छोटं निसर्गचित्र पाहिलं. तेच आज व्हेनिसच्या आकादेमियातलं ‘टेंपेस्ट’. त्यातला गूढ अर्थ शोधण्यात पिढ्या खपल्या, पण मिकिएलला त्यात एक बाई, एक शिपाई आणि वीज कडाडणारं आभाळ दिसलं. मला त्याचा हा कोरडेपणा आवडतो.

पण मिकिएलच्या दोन नोंदी जास्त मोलाच्या आहेत. १५२५ मध्ये ताद्देओ कोंतारिनीच्या घरचं ‘तीन तत्त्वज्ञ’ पाहून तो लिहितो की हे झोर्झीने सुरू केलं आणि व्हेनिसच्या सेबास्तियानोने पुरं केलं. त्याच वर्षी जिरोलामो मार्चेल्लोच्या घरी त्याने निजलेली नग्न व्हीनस आणि सोबत क्युपिड पाहिला. त्याची टीप अशी की व्हीनस झोर्झीची, निसर्ग आणि क्युपिड टिशियनने पुरे केले. म्हणजे चित्रकार जाऊन जेमतेम पंधरा वर्षं झाली होती, तेव्हाच व्हेनिसमधल्या जाणत्या माणसाला ठाऊक होतं की या चित्रांत दोन-दोन हात आहेत. आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या शतकांना मात्र हे पचलं नाही. प्रत्येक चित्राला एकच मालक हवा, अशी गरज पुढे बाजाराने आणि नंतर संग्रहालयांच्या पाट्यांनी निर्माण केली. व्हेनिसच्या चित्रकारांचा चरित्रकार रिदोल्फी याने १६४८ मध्ये जॉर्जोनेच्या नावावर लांबलचक यादी लावली आणि त्याला बार्बारेल्ली घराण्याशीही जोडलं. कोणतंही धुकट निसर्गचित्र, कोणताही स्वप्नाळू तरुण दिसला की तो जॉर्जोनेचा. उलटही झालं: सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेजमधली ‘जुडिथ’ १७७२ मध्ये रशियात गेली ती राफाएलच्या नावाने.

कात्री चालली ती एकोणिसाव्या शतकात. क्रो आणि काव्हालकासेल्ले या कलाइतिहासकारांच्या जोडीने १८७१ मध्ये यादी निर्दयपणे कापली आणि लूव्रमधलं प्रसिद्ध ‘ग्रामीण मैफल’ हे चित्रही जॉर्जोनेकडून काढून घेतलं. आता लूव्रची पाटी टिशियनचं नाव सांगते. मग आला जोवान्नी मोरेली. हा ग्रंथपाल मोरेलींपेक्षा वेगळा. शिकलेला वैद्यक, आणि लिहायचा इव्हान लेर्मोलिएफ या रशियन वाटणाऱ्या टोपणनावाने. त्याचं म्हणणं असं: चेहरा आणि रचना यांची नक्कल कुणीही करतो, पण कान, नखं, बोटांची पेरं चित्रकार सवयीने काढतो, तिथे त्याचा हात पकडा. १८८० मध्ये त्याने ड्रेसडेनच्या गॅलरीतल्या एका दुर्लक्षित चित्राकडे बोट दाखवलं. टिशियनच्या चित्रावरून सास्सोफेर्रातोने केलेली नक्कल, अशी त्याची नोंद होती. मोरेली म्हणाला, ही मार्चेल्लोच्या घरची व्हीनस.

क्युपिड कुठे आहे, हा प्रश्न साहजिक होता. व्हीनसच्या पायाशी बसलेला क्युपिड खराब झाला म्हणून १८४३ मध्ये त्याच्यावर रंग चढवून तो झाकून टाकला होता. क्ष-किरणांत तो पुन्हा दिसला. डोळा, जुनी टीप आणि यंत्र, तिन्हींनी एकच उत्तर दिलं असं उदाहरण या विषयात दुसरं सापडणं कठीण. मोरेलीच्या नखांना श्रेय देताना लोक मिकिएलला विसरतात, हे मला पटत नाही. मिकिएलची ओळ छापलेली नसती, तर ते कान आणि ती बोटं एक मत म्हणूनच राहिली असती.

क्ष-किरणांनी इतर ठिकाणी प्रश्न सोडवण्याऐवजी वाढवले. १९३९ मध्ये ‘टेंपेस्ट’ची तपासणी झाली, तेव्हा डावीकडे जिथे तरुण उभा आहे, तिथे खाली पाण्यात पाय सोडून बसलेली एक नग्न स्त्री आढळली. म्हणजे चित्रकाराने अर्ध्यावर विषयच बदलला, किंवा त्याच्या मनात ठाम विषय नव्हता. ‘तीन तत्त्वज्ञ’मधल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर आधी किरणांसारखं शिरोभूषण होतं, त्यावरून हे तीन मागी, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, असावेत असं मत पुढे आलं. सेबास्तियानोचा भाग नेमका कोणता, यावर आजही एकमत नाही.

विसाव्या शतकात पैसा मध्ये आला आणि नावाला बाजारभाव आला. १९३७ मध्ये जोसेफ ड्युव्हीन या बड्या व्यापाऱ्याने लॉर्ड अॅलनडेल यांच्याकडून मेंढपाळांचं ते चित्र विकत घेतलं. त्याला त्यावर जॉर्जोनेचं नाव हवं होतं. त्याचा जाणकार बर्नार्ड बेरेन्सन म्हणाला, हे तरुण टिशियनचं. टिशियन बाजारात जॉर्जोनेपेक्षा सहज मिळणारा, म्हणजे स्वस्त. दोघांची कित्येक वर्षांची व्यावसायिक साथ या वादावर तुटली. चित्र अमेरिकन संग्राहक सॅम्युएल क्रेस यांनी घेतलं आणि ते वॉशिंग्टनला पोचलं, जॉर्जोने याच नावाने. १९३७ मध्येच लंडनच्या नॅशनल गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांनी चार छोटे चित्रफलक जॉर्जोनेचे म्हणून घ्यायला लावले. थोड्याच काळात ते आंद्रेआ प्रेविताली या कमी नावाजलेल्या चित्रकाराचे असल्याचं निष्पन्न झालं आणि वर्तमानपत्रांत भरपूर शोभा झाली. चित्रं तीच राहिली, फलकावरचा रंगही तोच. कोसळलं ते नाव.

अलीकडची हालचाल पुन्हा कागदाची. २०११ मध्ये रेनाता सेग्रे यांनी व्हेनिसच्या दप्तरखान्यातून जॉर्जोनेच्या मागे राहिलेल्या वस्तूंची यादी काढली. त्याच्या वडिलांचं नाव जोवान्नी गास्पारिनी असल्याचं त्यातून कळलं आणि रिदोल्फीचं बार्बारेल्ली घराणं मागे पडलं. मृत्यू प्लेगच्या रोग्यांना ठेवायच्या बेटावर झाला. मग २०१९ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातला १४९७ सालचा दान्तेचा छापील ग्रंथ चर्चेत आला. त्याच्या शेवटच्या पानावर लाल खडूने काढलेलं मेरी आणि बाळाचं रेखाटन, आणि शाईत नोंद: १७ सप्टेंबर रोजी कास्तेलफ्रांकोचा जॉर्जोने प्लेगने व्हेनिसमध्ये वारला, वय ३६.

वाझारीने पहिल्या आवृत्तीत जन्मवर्ष १४७७ दिलं होतं, दुसरीत १४७८. वय ३६ धरलं तर जन्म १४७३-७४ मध्ये जातो. तीन-चार वर्षं वाढली म्हणजे १५०० साली तो सव्वीस-सत्तावीसचा होता, आणि इतक्या वयाच्या चित्रकाराचं आधीचं काम कुठे आहे, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. कास्तेलफ्रांकोच्या चर्चमधलं वेदीचित्र आजवर १५०४ च्या आसपास ठेवलं जाई, कारण कोस्तान्झो घराण्यातला तरुण मात्तेओ त्या वर्षी वारला आणि चित्र त्याच्या स्मरणार्थ असावं असं मानलं गेलं. ते त्याआधीचं असल्याचं म्हणणाऱ्यांना आता जास्त मोकळं मैदान मिळालंय. ‘टेंपेस्ट’ची तारीखही कुणी पंधराशेच्या पहिल्या वर्षांत ओढतं, कुणी अगदी मृत्यूच्या आधी नेऊन ठेवतं. या सगळ्यांना टेकायला अजूनही एकच ठाम खुंटी आहे, १ जून १५०६.